जकातनाक्यावरचा माणूस

(शास्त्रपाठ : लूक १९ : १-१०)



विक्रोळीहून पूर्व द्रुतगति मार्गानें ठाण्याकडे निघालें म्हणजे उजव्या हातास खाडी, कांदळवन व मिठागरें दिसूं लागतात. आणि मुंबईची हद्द संपते त्या ठिकाणीं मुलुंडचा जकातनाका असे. मालमोटारींच्या लांबच लांब रांगा तेथें उभ्या असत. शहरांत येणाऱ्या मालावर पालिकेची जकात द्यावयाची व मग पुढें जावयाचें, असा नियम होता. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. जकात गेली; पण नाक्याचें नांव अद्याप लोकांच्या तोंडीं आहे.

जकात हा शब्द कानीं पडला म्हणजे शुभवर्तमान वाचणाऱ्याच्या मनांत दोन नांवें उभीं राहतात. एक मत्तय व दुसरा जक्कय. जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार होता. तो धनवान होता, ठेंगणा होता, आणि गर्दीमुळें येशू त्याच्या दृष्टीस पडेना म्हणून तो झाडावर चढला. प्रभूनें त्या झाडाखालीं उभें राहून त्यास नांवानें हांक मारिली व त्याच्या घरीं उतरण्याचें ठरविलें. लोक कुरकुरले. परंतु जक्कय उभा राहिला आणि आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांस देण्याचें व लुबाडलेलें चौपट परत करण्याचें त्यानें बोलून दाखविलें. पाहा, त्यानें भजन म्हटलें नाहीं, भाषण केलें नाहीं. त्यानें आपला हिशोब काढिला. तारण त्या घरांत आलें तें या हिशोबासकट आलें.

आज मी आपणांस दुसऱ्या एका जकातदाराची हकीकत सांगणार आहें. तो पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला. परंतु ती सांगण्यापूर्वीं मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. नाहीं तर हा उपदेश माझ्याच तोंडीं शोभणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक तरुण नोकरीच्या शोधांत होता. तो माझा दूरचा आप्तही लागतो. एका संस्थेंत शिपायाची जागा रिकामी होती आणि तेथील व्यवस्थापकांची व माझी ओळख होती. मुलाचे वडील कन्नमवार नगरांतील आमच्या बिऱ्हाडीं आले व म्हणाले, “पाळकसाहेब, चार ओळींची चिठ्ठी द्या. आपला शब्द खालीं पडावयाचा नाहीं.” मीं चिठ्ठी दिली. मुलास जागा मिळाली. त्या रविवारीं त्याच्या आईनें उपकारस्तुतीचें दान आणून दिलें, व मींही मनापासून देवाचे आभार मानिले.

पुढें दोन महिन्यांनीं मला कळलें कीं त्याच जागेसाठीं आणखी एकानें अर्ज केला होता. आमच्याच उपासनेस येऊन मागच्या बांकावर बसणाऱ्या एका विधवा बाईचा तो मुलगा. तो अधिक शिकलेला होता, विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरेंही त्यानें चांगलीं दिलीं होतीं, आणि त्या घरांत मिळविता असा तोच एकटा होणार होता. त्याच्या हातीं चिठ्ठी मात्र नव्हती. त्या बाईनें मला कधीं एका शब्दानें विचारिलें नाहीं. दर रविवारीं दारांतून बाहेर पडतांना ती पूर्वींप्रमाणेंच “सलाम, पाळकसाहेब” म्हणून जाई. तो सलाम मला जड होऊं लागला.

त्या दिवसांत चेस्टर आर्थर यांचें चरित्र माझ्या वाचनांत आलें.

चेस्टर ॲलन आर्थर यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८२९ रोजीं व्हरमाँट प्रांतांतील फेअरफील्ड या खेड्यांत झाला. वडील विल्यम आर्थर हे आयर्लंडांतून आलेले बाप्तिस्त मंडळीचे उपदेशक. गुलामगिरी हें पाप आहे असें ते उघड सांगत, आणि एका मंडळींतून दुसऱ्या मंडळींत त्यांचें बिऱ्हाड सारखें हालत असे. आमच्या सुवार्तिकांच्या मुलांना हें जिणें नवें नाहीं. चेस्टर शिकला, कांहीं काळ शाळामास्तर झाला, आणि १८५४ सालीं न्यूयॉर्क शहरांत वकिली करूं लागला.

त्याच सालीं त्या शहरांत एक गोष्ट घडली. एलिझाबेथ जेनिंग्ज ही कृष्णवर्णी शिक्षिका एका रविवारीं घोड्यांच्या ट्राममधून आपल्या काँग्रिगेशनल मंडळीच्या उपासनेस निघाली होती. तेथें ती ऑर्गन वाजवीत असे. वर्णामुळें तिला ट्राममधून ओढून खालीं ढकलण्यात आलें. तिनें दावा लाविला. तो चालविण्याचें काम चोवीस-पंचवीस वर्षांच्या आर्थर वकिलाकडे आलें. १८५५ च्या फेब्रुवारींत पंचांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला व सव्वादोनशें डॉलरांची भरपाई देवविली. त्या शहरांतील ट्रामगाड्या सर्व वर्णांच्या लोकांस खुल्या होण्याचा मार्ग या निकालानें मोकळा झाला. उपदेशकाच्या मुलाचा हा आरंभ होता. पाणवठ्यावरून, देवळाच्या पायरीवरून व गाडीच्या डब्यांतून ज्यांच्या वाडवडिलांना हांकलून दिलें गेलें, त्या आपणांस या आरंभाची किंमत निराळी सांगावयास नको.

परंतु, बंधूंनो, चांगला आरंभ हा चांगल्या मार्गाचा जामीन नव्हे. आर्थर यांस नांवाची, उंची पोषाखाची व थोर लोकांच्या संगतीची गोडी लागली. न्यूयॉर्क प्रांतांत त्या वेळीं रॉस्को काँक्लिंग नांवाचे बलाढ्य पुढारी होते. आर्थर त्यांच्या गोटांत शिरले, आणि १८७१ सालीं न्यूयॉर्क बंदराचे मुख्य जकातदार नेमले गेले.

ही जागा किती मोठी होती हें समजून घ्या. त्या काळीं अमेरिकेच्या सरकारी उत्पन्नाचा फार मोठा भाग जकातीचा असे, आणि त्या जकातीचा बहुतेक भाग न्यूयॉर्क बंदरांत गोळा होई. कचेरींत सुमारें हजार माणसें कामास होतीं. जकातदाराचा ठरीव पगार साडेसहा हजार डॉलर. परंतु चोरून आणलेला माल पकडला गेला म्हणजे दंडाचा हिस्सा अधिकाऱ्यांस मिळे. त्यामुळें आर्थर यांची वर्षाची प्राप्ति पन्नास हजार डॉलरच्या घरांत, म्हणजे खुद्द अध्यक्षाच्या पगाराच्या तोडीस गेली होती. हा हिस्सा १८७४ च्या कायद्यानें बंद झाला.

आणि त्या हजार जागा कोणास मिळत? जो पक्षाचें काम करी त्यास. लिहितां वाचतां बरें येतें काय, हिशोब ठेवितां येतो काय, हें मागाहून. प्रथम प्रश्न, तूं कोणाचा माणूस आहेस? नोकरी लागली म्हणजे पगारांतून पक्षासाठीं वर्गणी द्यावयाची. निवडणूक आली कीं हात सैल सोडावयाचा. दुसरा पक्ष अधिकारावर आला तर जुने सारे घरीं व नवे सारे आंत. या पद्धतीला त्या देशांत युद्धांतील लुटीचें नांव पडलें होतें. जिंकणाऱ्यानें लूट न्यावी तशा जागा न्याव्या. आर्थर यांनीं स्वतः लांच घेतल्याचें सिद्ध झालें नाहीं. ते सभ्य होते, गोड बोलत, मित्रास कधीं विसरत नसत. पण हेंच लक्षांत घ्या. अन्याय करणारा माणूस नेहमीं क्रूर मुद्रेचाच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो मित्रांचा मित्र असतो, आणि त्याच्या मैत्रीची किंमत एखादा अनोळखी मनुष्य देत असतो. जेव्हां मीं हें वाचिलें, तेव्हां माझी चिठ्ठी मला आठवली.

अध्यक्ष हेझ यांनीं १८७७ सालीं त्या कचेरीची चौकशी करविली. गरजेपेक्षां अधिक माणसें व पक्षाचा धुमाकूळ असें आढळून आलें, आणि १८७८ च्या जुलैंत आर्थर यांस त्या जागेवरून दूर करण्यांत आलें. सर्वांस वाटलें कीं हा मनुष्य आतां संपला.

दोनच वर्षांनीं, १८८० सालीं, त्यांच्या पक्षाची सभा शिकागो येथें भरली. अध्यक्षाच्या जागेसाठीं कोणावरही एकमत होईना. छत्तिसाव्या मतदानांत जेम्स गारफील्ड यांचें नांव ठरलें. गारफील्ड यांचा जन्म ओहायो प्रांतांत लांकडी ओंडक्यांच्या खोपटांत झाला. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ते पितृहीन झाले. सोळाव्या वर्षीं कालव्याच्या कांठानें खेचरें हांकून नाव ओढण्याचें काम त्यांनीं केलें. पुढें एका शाळेंत झाडलोट करून शिकले आणि कांहीं वर्षांत त्याच विद्यालयाचे मुख्य झाले. ते आपल्या मंडळींत उपदेशही करीत. अशा या मनुष्याच्या जोडीस, न्यूयॉर्कच्या गोटाची समजूत पडावी म्हणून, उपाध्यक्ष नेमले ते कोण? काढून टाकलेले जकातदार आर्थर!

४ मार्च १८८१ रोजीं गारफील्ड अधिकारारूढ झाले. नोकरी मागणाऱ्यांची झुंबड रोज त्यांच्या दाराशीं लागे. न्यूयॉर्कच्या जकातीवर त्यांनीं काँक्लिंग यांच्या विरोधकास नेमलें, तेव्हां मोठा कलह झाला. आणि उपाध्यक्ष आर्थर यांनीं आपल्या अध्यक्षाची बाजू न घेतां जुन्या धन्याची बाजू घेतली. इतक्यांत २ जुलै रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नांवाच्या माणसानें गारफील्ड यांजवर पिस्तुलाच्या गोळ्या झाडिल्या. हा गिटो भ्रमिष्ट होता. आपण पक्षासाठीं एक भाषण लिहिलें, तेव्हां आपणांस परदेशांतील वकिलातीची जागा मिळालीच पाहिजे, असें त्याच्या डोक्यांत बसलें होतें. पकडला गेला तेव्हां त्यानें ओरडून आपल्या गोटाचें नांव सांगितलें, आणि आतां आर्थर अध्यक्ष होतील असें बोलला.

त्या क्षणीं आर्थर यांच्या काळजांत काय झालें असेल? जी पद्धत त्यांनीं वर्षानुवर्षें पोसली, तीच एका वेड्याच्या हातांत पिस्तूल होऊन आली होती. आणि त्या वेड्यानें त्यांचेंच नांव घेतलें होतें. देशांत कुजबूज सुरू झाली कीं या कटांत आर्थर यांचें अंग आहे. तें खोटें होतें. परंतु असें लोकांस वाटावें, हीच त्यांच्या आयुष्याची केवढी मोठी शिक्षा!

गारफील्ड एकूणऐंशीं दिवस झगडले. वैद्यांनीं न धुतलेल्या बोटांनीं जखम चांचपली आणि विष अंगांत पसरलें. गोळीपेक्षां हेंच अधिक घातक झालें असें आज वैद्यकशास्त्र जाणणारे सांगतात. त्या दिवसांत अधिकार हातीं घ्या असें सुचविलें गेलें असतांही आर्थर यांनीं जखमी अध्यक्षाच्या हयातींत त्याच्या खुर्चीकडे हात केला नाहीं. १९ सप्टेंबर १८८१ रोजीं रात्रीं गारफील्ड मरण पावले. दुसरा दिवस लागून दोन-सव्वादोन तास झाले असतां, न्यूयॉर्क येथील आपल्या घरीं आर्थर यांनीं शपथ घेतली. आदल्याच वर्षीं त्यांची पत्नी वारली होती. तें घर रिकामें होतें.

याच काळांत त्यांस एक पत्र आलें. न्यूयॉर्कमध्यें ज्यूलिया सँड नांवाची एक अविवाहित, बहुतेक घरींच पडून असणारी आजारी बाई राहत असे. आर्थर यांची व तिची ओळख नव्हती. गारफील्ड बिछान्यास खिळले असतां, १८८१ च्या ऑगस्टांत, तिनें आर्थर यांस स्पष्ट लिहिलें : लोकांचा तुमच्यावर विश्वास नाहीं, तुमच्या हातीं सत्ता येणार म्हणून ते भितात, परंतु माणसाच्या अंगीं जें चांगलें असतें तें मोठ्या संकटांत जागें होतें, तेव्हां तुम्ही सुधारा. अशा अर्थाचें तें पत्र होतें. तिनें पुढेंही लिहिलें. चूक दिसली तेथें रागावून लिहिलें. तिचीं तेवीस पत्रें शिल्लक आहेत. एक दिवस, १८८२ च्या ऑगस्टांत, अमेरिकेचे अध्यक्ष कोणास न कळवितां तिच्या दाराशीं गाडींतून उतरले व तासभर बोलत बसले.

प्रिय सुवार्तिक बंधूंनो, प्रभूनें जक्कयास झाडाखालून हांक मारिली. आर्थर यांस हांक आली ती एका रोगी बाईच्या पत्रांतून. तुम्हांआम्हांस ती कोठून येईल सांगवत नाहीं. कदाचित् ती मागच्या बांकावरून येईल.

आतां त्यांनीं काय केलें तें पाहा. काँक्लिंग आले, आणि गारफील्ड यांनीं नेमलेल्या जकातदारास काढा असें त्यांनीं मागणें घातलें. आर्थर यांनीं नकार दिला. जुना धनी संतापून गेला. टपालाच्या मार्गांचे मक्ते देतांना सरकारची लूट झाली होती. तीवर खटले चालले, आणि त्यांत आपल्याच पक्षाचीं मोठीं माणसें असतांही त्यांनीं तीं पाठीशीं घातलीं नाहींत. १८८२ च्या १ ऑगस्टास नद्या व बंदरें यांच्या नांवाखालीं उधळपट्टी करणारें बिल त्यांनीं परत पाठविलें. काँग्रेसनें दुसऱ्याच दिवशीं तें त्यांच्या विरोधास न जुमानतां मंजूर केलें. आणि १६ जानेवारी १८८३ रोजीं त्यांनीं पेंडल्टन कायद्यावर सही केली.

हा कायदा काय म्हणतो? ठराविक सरकारी जागा स्पर्धेची परीक्षा घेऊन, गुणांच्या क्रमानें भराव्या. पक्षासाठीं पैसा देण्याची सक्ति कोणत्याही नोकरावर करूं नये, आणि त्यानें दिला नाहीं म्हणून त्यास काढूं नये. देखरेखीस तीन माणसांचें मंडळ असावें. आरंभीं दहांतील सुमारें एकच जागा या नियमाखालीं आली. पुढच्या अध्यक्षांच्या काळांत ती संख्या वाढत वाढत गेली. ज्या मनुष्यानें हजार जागा चिठ्ठीनें भरिल्या, त्यानेंच चिठ्ठीचें दार लाविलें. त्याचे जुने मित्र यास दगा म्हणाले. जक्कयाच्या भागीदारांनींही त्या रात्रीं असेंच कांहीं म्हटलें असेल.

या परीक्षेच्या पद्धतीचा आपल्या देशाशींही संबंध आहे. हिंदुस्थानांतील वरिष्ठ मुलकी जागा पूर्वीं कंपनीचे डायरेक्टर आपल्या भाच्या-पुतण्यांस वांटीत. १८५५ पासून त्या जागांसाठीं लंडनमध्यें खुली परीक्षा होऊं लागली. मागाहून ती चाल खुद्द इंग्लंडच्या नोकऱ्यांत पसरली. आणि डॉर्मन ईटन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तिचा अभ्यास करून १८८० सालीं ग्रंथ लिहिला. पेंडल्टन कायद्याचा मसुदा करण्यांत त्यांचा हात होता व पहिल्या मंडळाचे प्रमुखही तेच झाले. मात्र एक गोष्ट विसरूं नका. परीक्षा न्यायाची, पण तिचें दार समुद्रापलीकडे! आपल्या देशाचा पहिला विद्यार्थी, सत्येंद्रनाथ टागोर, तींत १८६३ सालीं उत्तीर्ण झाला. गरिबाच्या मुलानें लंडनास जावें कसें? आणि ज्याला शाळेंतच बसूं दिलें नाहीं, त्यानें परीक्षेस बसावें कसें?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत जोतीराव फुले यांनीं विचारिला. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. त्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहिलें व तें गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सज्जन लोकांस अर्पण केलें. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं मागणें केलें कीं सरकारचा शिक्षणावरील पैसा प्रथम बहुजनांच्या प्राथमिक शाळांवर खर्च व्हावा. आणि १८८३ सालीं, म्हणजे वर सांगितलेला कायदा झाला त्याच वर्षीं, त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं कचेऱ्यांतील जागा एकाच वर्णाच्या हातीं राहिल्यामुळें अडाणी शेतकरी कसा नाडला जातो. अमेरिकेंत जागा पक्षानें अडविल्या, येथें त्या जातीनें अडविल्या. दार निराळें, कडी एकच.

त्याच १८८३ च्या जूनांत कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. तेव्हां आर्थर अध्यक्ष होते. त्या देशांतील एका ख्रिस्ती कुटुंबानें आनंदीबाईंस घरच्या मुलीप्रमाणें ठेवून घेतलें. परंतु पूर्ण सत्य सांगावयाचें तर हेंही सांगितलें पाहिजे कीं एक वर्षापूर्वीं, १८८२ च्या मे महिन्यांत, चिनी मजुरांस दहा वर्षें देशांत येण्याची बंदी करणाऱ्या कायद्यावर याच आर्थर यांनीं सही केली होती. वीस वर्षांच्या बंदीचें पहिलें बिल त्यांनीं नाकारिलें. दहा वर्षांचें मात्र स्वीकारिलें. ती बंदी पुढें वाढत जाऊन १९४३ पर्यंत टिकली. ज्यानें तरुणपणीं एका कृष्णवर्णी भगिनीसाठीं गाडीचें दार उघडविलें, त्यानेंच चिनी मजुरापुढें बंदराचें दार लावून घेतलें. बंधुजनहो, माणूस अर्धवट सुधारतो. देवाच्या दयेनें त्याचा एक कोपरा उजळतो आणि दुसरा अंधारांतच राहतो. म्हणून आपण कोणा मनुष्याची पूजा करीत नाहीं. त्याच्या ज्या कृत्यांत सत्य दिसलें त्याबद्दल देवाचे उपकार मानितों, व बाकीच्या गोष्टींवरून स्वतःस जपतों.

अध्यक्ष असतांनाच आर्थर यांस मूत्रपिंडाचा असाध्य रोग जडला. त्यांनीं तो लोकांपासून लपविला. १८८४ सालीं पक्षानें त्यांस पुन्हां उभें केलें नाहीं. १८ नोव्हेंबर १८८६ रोजीं ते वारले. मरणापूर्वीं त्यांनीं आपले बहुतेक कागदपत्र जाळून टाकविले. जकातीच्या दिवसांचा हिशोब त्या राखेबरोबर गेला. पण ज्यूलिया बाईचीं पत्रें त्यांनीं जपून ठेविलीं होतीं. तीं मागाहून त्यांच्या नातवाच्या हातीं सांपडलीं. जीं पत्रें त्यांस दोष देत होतीं, तींच त्यांनीं राखून ठेविलीं. यावरून त्यांच्या अंतःकरणाचा थोडासा भाग आपणांस दिसतो.

आतां हें आपल्या खेड्यांकडे आणूं या. तुम्ही म्हणाल, आम्ही कोठले जकातदार? आमच्या हातीं काय आहे? बंधूंनो, तुमच्या हातीं पुष्कळ आहे. बोर्डिंगांत कोणाच्या मुलीस प्रवेश मिळावा याविषयीं मास्तरांचें मत विचारितात. मंडळीच्या शाळेंत कोणास नेमावें हें पंच ठरवितात. दुष्काळांत धान्य आलें, तर यादी कोण लिहितो? सरकारी योजनेचा अर्ज कोण भरून देतो? ज्याच्या लेखणीवांचून दुसऱ्याचें अडतें, तो प्रत्येक जण आपापल्या नाक्यावर बसलेला आहे. तेथें तीन गोष्टी पाळा.

पहिली, ओळखीच्या माणसास न्याय द्यावा, पण त्यास वाट देण्यासाठीं अनोळखी माणसास ढकलूं नये. दुसरी, पूर्वीं आपण कोणत्या वाड्यावरचे होतों, कोणाच्या पै-पाहुण्यांतले होतों, हें ख्रिस्ताच्या मंडळींत जागा वांटतांना विचारूं नये. गांवानें आपणांस वेशीबाहेर ठेविलें याचें दुःख करावयाचें आणि मंडळींत आपणच नवी वेस घालावयाची, हें प्रभूस कसें आवडेल? तिसरी, उपकार केला म्हणून मत, वर्गणी अथवा हांजी-हांजी मागूं नये.

मताची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लाखो मतपेट्या आमच्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत तयार झाल्या व देशांतील दूरदूरच्या गांवीं गेल्या. त्या पोलादी पेटीस फट एकच होती. तींतून पाटलाचा कागद आंत जाई व भूमिहीन मजुराचाही जाई. ती पेटी कोणाची चिठ्ठी आहे हें पाहत नसे. आणि आमचें कन्नमवार नगर ज्यांच्या नांवें आहे, ते मारोतराव कन्नमवार चंद्रपूरकडच्या गरीब घरांतून येऊन १९६२ सालीं या राज्याचे मुख्यमंत्री झाले व पुढच्याच वर्षीं अधिकारावर असतांना वारले. खुर्ची कोणास किती दिवस मिळेल याचा भरंवसा नाहीं. गारफील्ड यांस ती फार थोडे महिने मिळाली. म्हणून जोंवर लेखणी हातीं आहे, तोंवरच ती सरळ चालवावी.

आतां माझा हिशोब. चरित्र वाचून झाल्यावर कांहीं दिवस मी टाळाटाळ केली. शेवटीं एका संध्याकाळीं मी त्या विधवा बाईच्या घरीं गेलों. तिनें मला बसावयास पाट दिला, चहा केला. मीं जें केलें होतें तें तिला सांगितलें व क्षमा मागितली. तिला तें पूर्वींच ठाऊक होतें. ती म्हणाली, “पाळकसाहेब, पोरगा आतां दुसरीकडे लागला आहे. पगार कमी आहे, पण चाललें आहे. मी मनांत कांहीं ठेविलें नाहीं. मात्र ज्या दिवशीं त्याला नाहीं म्हटलें, त्या रात्रीं तो जेवला नाहीं. एवढें तुम्हांला ठाऊक असावें, म्हणून सांगितलें.”

चौपट परत करीन, असें जक्कय म्हणाला. त्या रात्रीचें जेवण मी चौपट करून कसें देऊं? तें माझ्याकडून फिटणारें नाहीं. तेव्हांपासून मीं एक नियम केला आहे. कोणाच्या वर्तनाविषयीं मला जें स्वतः ठाऊक असेल त्याचा दाखला मी देतों, आणि जो मागेल त्यास देतों. परंतु “यासच घ्या” असें लिहीत नाहीं. जागा निघाल्याचें कळलें म्हणजे ती बातमी उपासनेनंतर सर्वांसमक्ष वाचून दाखवितों, म्हणजे मागच्या बांकावरही ती ऐकूं जाते. यामुळें दोन घरें माझ्यावर रुसलीं आहेत. माझ्या आप्तांनीं नाताळास येणें सोडिलें आहे. मला त्याचें वाईट वाटतें. पण रविवारचा तो सलाम आतां मला मान वर करून घेतां येतो.

प्रभूनें जक्कयास झाडावरून खालीं बोलाविलें तें लवकर ये असें सांगून. उद्यां, पुढच्या निवडणुकीनंतर, मुलाबाळांचें मार्गीं लागल्यावर, असें म्हणण्यास त्यानें अवकाश ठेविला नाहीं. हें वाचीत असतां ज्यांच्या डोळ्यांपुढें एखादें घर, एखादें नांव, एखादी राहून गेलेली परतफेड आली असेल, त्यांनीं आजच संध्याकाळीं त्या घराची वाट धरावी.

हे न्यायी व दयाळू बापा, आमच्या हातीं तूं थोडीबहुत सत्ता दिली आहेस. ती आम्हीं आपल्यांसाठीं वापरली आणि परक्यांस विसरलों, याची आम्हांस क्षमा कर. जीं माणसें आम्हांस दोष दाखवितात तीं तूंच पाठविलेलीं आहेत हें ओळखण्याची बुद्धि दे. आणि जें आम्हांकडून फिटणारें नाहीं, तें तूं आपल्या पुत्राच्या पुण्याईनें फेड. आमेन.